सातव्याचा कागद

माझा राजीनामा मीच लिहिला होता. माझ्या हाताने, निळ्या पेनाने, खाली तारीख आणि सही घालून. आणि तो राजीनामा आहे हे मला कळलं तेव्हा माझी मुलगी तीन महिन्यांची झाली होती. इतकी शहाणी बाई तुम्ही पाहिली नसेल. मी बी.कॉम. आहे, टायपिंगच्या दोन परीक्षा पास आहे आणि सहा वर्षं एका दुकानाचे कागद सांभाळत होते, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे हसायला सोपं जाईल.

जळगावच्या बाजारपेठेतलं ते तीनमजली साडीचं दुकान. खालच्या दोन मजल्यांवर साड्या दाखवणाऱ्या पंधरा-सोळा बायका, आणि वर कोपऱ्यातल्या काचेच्या केबिनमध्ये मी. हजेरी, सुट्ट्या, नेमणुकीची पत्रं, सगळं माझ्याकडे. मालकांना आम्ही भाऊ म्हणायचो आणि त्यांच्या बायकोला वहिनी. भाऊ कधी आवाज चढवायचे नाहीत. कुणाची सासू दवाखान्यात असली तर त्यांच्या घरून डबा जायचा. आपलं दुकान म्हणजे एक घर आहे, हे त्यांचं नेहमीचं वाक्य होतं आणि आम्हाला ते मनापासून पटायचं. मला तर जरा जास्तच पटायचं, कारण त्या घरात मला खुर्ची होती आणि बाकीच्या दिवसभर उभ्या असायच्या.

या घराची एक रीत होती. कामावरची बाई गरोदर राहिली की सातव्या महिन्यात दुकानातच तिचं डोहाळजेवण व्हायचं. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्या मजल्यावरच्या गाद्या बाजूला सारायच्या, वहिनी घरून फुलांची वाडी करून आणायच्या, भरीत-पुरीचा बेत, दोन वाट्यांत झाकलेला पेढा आणि बर्फी, आणि ओटीत दुकानातली साडी. साडी चांगली असायची, उगीच पडून राहिलेली नाही. फोटो निघायचे आणि ते जिन्याच्या भिंतीवर लागायचे. गिऱ्हाइकं जाता-येता ते फोटो बघायची आणि कौतुक करायची.

आणि ओटीच्या आदल्या दिवशी एक कागद व्हायचा. त्याला आम्ही सातव्याचा कागद म्हणायचो. मजकूर ठरलेला: "मी गरोदर असल्याने स्वेच्छेने कामावरून कमी होत आहे. माझी कोणतीही तक्रार नाही. बाळंतपणानंतर जागा असल्यास मला परत कामावर घ्यावे ही विनंती." हा मजकूर हाताने लिहायचा, असं भाऊंचं म्हणणं. छापील कागद परका वाटतो म्हणे. माझं अक्षर शाळेपासून बक्षिसाचं, त्यामुळे तो मीच लिहायची आणि ती बाई खाली सही करायची. माझ्या आधी चौघींचे कागद मी लिहिले. चौघींपैकी तिघी पोरं सहा महिन्यांची झाल्यावर परत आल्या. त्यांची नेमणूक नव्याने व्हायची, हजेरीत नाव सगळ्यांच्या खाली जायचं, पगार पहिल्या दिवसाचा. ती नेमणुकीची पत्रंही मीच टाईप केली. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. शपथेवर सांगते, आमच्यापैकी कुणालाच वाटलं नाही. परत घेतात हेच आम्हाला केवढं वाटायचं. आम्ही त्याला रजेचा अर्ज समजत होतो.

मग माझा सातवा लागला. आदल्या दिवशी भाऊ केबिनशी आले आणि हसून म्हणाले, "ताई, आता स्वतःचा कागद स्वतःच लिहा." मीही हसले. सुंदर अक्षरात लिहून काढला. स्वेच्छेने हा शब्द लिहिताना मात्रा जरा बिघडली म्हणून तो कागद फाडून दुसरा घेतला, हेही मला आठवतं.

डोहाळजेवण झकास झालं. मला गजऱ्याचा मुकुट घातला, मधोमध बसवलं. उखाणा घे, उखाणा घे म्हणून सगळ्या मागे लागल्या. मला आयत्या वेळी काही सुचेना तेव्हा वहिनींनीच कानात एक सांगितला आणि मी तो ठसक्यात म्हटला:

सातवा लागला, माहेरची ओढ, बाकी सारं फोल;
अहोंचं नाव घेते, नोकरीला काय मोल!

नवऱ्याचं नाव इथे गाळलं आहे, तिथे मी ते खणखणीत घेतलं होतं. टाळ्या पडल्या, शिट्ट्या पडल्या. कुणीतरी मोबाईलवर शूटिंग घेतलं. मी वाटी उघडली, बर्फी निघाली, मुलगी होणार म्हणून सगळ्या ओरडल्या आणि तशी ती झाली.

मी बाळंतपणाला धुळ्याला आईकडे गेले. मुलगी तीन महिन्यांची झाली तेव्हा दुकानात फोन केला, की भाऊ, अजून तीन महिने रजा धरते आणि मग येते, चालेल ना. सहज केला होता फोन. मांडीवर पोर होतं, आई पलीकडे डिंकाचे लाडू वळत होती.

भाऊ म्हणाले, "रजा? कसली रजा ताई? तुमचा तर राजीनामा आहे."

मला वाटलं ते थट्टा करताहेत. मी म्हटलंही, की काय भाऊ, बाळंतिणीची चेष्टा करता. तर त्याच गोड आवाजात ते म्हणाले, की चेष्टा नाही, तुमच्याच अक्षरात आहे, फाइलला आहे. तुमच्या जागेवर मुलगी घेतली आहे, हुशार आहे, कॉम्प्युटर चांगला येतो. पुढे कधी जागा निघाली तर नक्की सांगू. बाळाला आशीर्वाद. आणि फोन ठेवला.

पोर रडत होतं ते मला ऐकू येत नव्हतं, आईने उठून घेतलं तेव्हा कळलं. लिहिताना मी त्या कागदाचा मोबाईलवर फोटो काढला होता, अक्षर छान आलं म्हणून. तो मी नवऱ्याला पाठवला. तो वायरिंगची कामं करतो, दहावीनंतर आयटीआय. त्याने वाचला आणि एका मिनिटात फोन केला. "अगं, कामावरून कमी होत आहे म्हणजे काय? हा राजीनामाच आहे की! वाचता येत नव्हतं का तुला?" जे त्याला एका मिनिटात दिसलं ते मला पाच वेळा लिहून दिसलं नव्हतं. मला इतकी लाज वाटली की मी त्याच्यावरच खेकसले.

आईचं म्हणणं साधं होतं. "जाऊ दे माय. पोर धाकली शे. कोर्ट-कचेरीना नाद सोडी दे." आईने जन्मभर जाऊ दे म्हणूनच संसार केला. पण माझी ती नोकरी म्हणजे नुसता पगार नव्हता. लग्न ठरताना मी एकच अट घातली होती, की नोकरी सोडणार नाही. सासरी त्यावरून दोन वर्षं टोमणे ऐकले. आणि आता सगळ्या भाऊबंदांत सांगायचं, की नोकरी मी स्वतःच लिहून दिली, आणि वर गजऱ्याचा मुकुट घालून उखाणा म्हटला? ते माझ्याने झालं नसतं.

पोर चार महिन्यांचं झालं तेव्हा आम्ही जळगावच्या कामगार कार्यालयात गेलो. तिथल्या अधिकारी बाई पन्नाशीच्या, चष्मा नाकावर घसरलेला, बोलणं तुटक. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "गरोदर म्हणून काढता येत नाही, माहीत नव्हतं? कायद्याने सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे तुम्हाला. एवढी मोठी आस्थापना, ऑफिस तुम्ही सांभाळत होतात."

मला माहीत नव्हतं. सहा वर्षं बायकांच्या रजा लिहिणाऱ्या बाईला माहीत नव्हतं. मी खाली मान घालून नाही म्हटलं. त्या म्हणाल्या, "तुम्ही काही लिहून दिलं म्हणून कायदा बदलत नाही. पण ते म्हणणार, बाई स्वखुशीने गेली. त्याचं उत्तर तयार ठेवा." मग मी तिथल्याच बाकावर बसून तक्रार अर्ज लिहिला. स्त्री आणि गरोदर म्हणून भेदभाव केला, फसवून राजीनामा घेतला, प्रसूतीची रजा नाकारली, मला पूर्वीच्या जागेवर परत घ्यावं. अर्ज बघून बाई म्हणाल्या, अक्षर चांगलं आहे. मला रडू कोसळलं.

सुनावणीच्या दिवशी भाऊ वकील घेऊन आले. मला बघून त्यांनी हात जोडले आणि बाळाची चौकशी केली. मीही सवयीने बरं आहे म्हटलं. अधिकारी बाईंच्या टेबलासमोर दोन बाक होते. डावीकडे आम्ही अर्जदार, उजवीकडे ते.

वकिलांनी आधी माझा कागद ठेवला. मग मोबाईल काढून टेबलावर उभा केला आणि शूटिंग लावलं. त्या कचेरीत, फायलींच्या ढिगात, शिपाई पाण्याचे ग्लास ठेवत असताना माझा आवाज घुमला: नोकरीला काय मोल! आणि टाळ्या, शिट्ट्या. वकील म्हणाले, "मॅडम, अर्जदार बाईंनी सर्वांसमक्ष आनंदाने नोकरी सोडल्याचं जाहीर केलं आहे. हा निरोप समारंभ होता."

निरोप समारंभ! मी उठून उभी राहिले. "अहो, उखाणा होता तो! वहिनींनी सांगितला होता!" माझा आवाज चिरकला. भाऊ शांतपणे म्हणाले, की वहिनी तर त्या दिवशी पाहुण्यांचं बघत होत्या. उखाण्याचा पुरावा होतो हे मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होते. लग्नापासून घेतलेले सगळे उखाणे माझ्या डोळ्यांसमोर आले. त्यांतल्या निम्म्यांत तरी मी काही ना काही सोडून दिलेलं होतं.

नंतर तीन कागद आले. परत आलेल्या त्या तिघींचे, ज्यांच्यासोबत मी सहा वर्षं डबा खाल्ला. आम्ही आमच्या मर्जीने काम सोडलं होतं, मर्जीने परत आलो, दुकानात कोणताही भेदभाव होत नाही. तिघींच्या सह्या मी हजेरीत रोज बघितलेल्या, ओळखल्या. एकीने तर माझ्या वाडीची फुलं ओवली होती. मला राग आला, पण तो त्यांच्यावर धरून ठेवता येईना. त्यांना उद्या सकाळी त्याच दुकानात उभं राहायचं होतं.

"आणि मॅडम," वकील म्हणाले, "या बाईंना कागदाचा अर्थ माहीत नव्हता असं त्या म्हणतात. मग हे बघा." त्यांनी चार जुने कागद पत्त्यांसारखे टेबलावर मांडले. पाचवा माझा. पाचही एकाच अक्षरात. "हे सगळे राजीनामे अर्जदार बाईंनी स्वतः लिहिले आहेत, सह्या स्वतः घेतल्या आहेत. हे त्यांचंच काम होतं. फसवलं असेल तर कुणी कुणाला?"

तोपर्यंत मी स्वतःला फसवली गेलेली बाई समजत होते. ते पाच कागद एका ओळीत बघितले आणि आधीच्या चौघींच्या सह्या मीच घेतल्या होत्या हे पहिल्यांदा दिसलं. अधिकारी बाईंनी चष्मा वर केला आणि विचारलं, "हे अक्षर तुमचं?"

"हो."

त्यांनी पाचही कागद एकेक करून वाचले. मग म्हणाल्या, "पाच बायका. पाचही सातव्या महिन्यात. पाचही स्वेच्छेने. शब्दसुद्धा तेच." त्यांनी भाऊंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तीन बायका कामावर आहेत, त्या बोलणार नाहीत. ही चौथी कुठे आहे? तिला आणता येईल?"

चौथी कुठे आहे ते मला माहीत होतं. ती साड्यांच्या काउंटरवर होती, दुकानातली सगळ्यात चांगली विक्री तिची. घरवाल्याचं काम सुटलं तसं ती बाळ घेऊन दोंडाईचाला माहेरी गेली. त्याआधी बाळ पाच महिन्यांचं असताना ती एकदा दुकानात आली होती. भाऊंनी मला वर फोन केला, की तिला सांगा, जागा नाही. मी खाली जाऊन सांगितलं. तिला पाणी दिलं, बाळाच्या हातावर दहाची नोट ठेवली आणि म्हटलं, मी फोन करते तुला. केला नाही. तिच्या जागेवर घेतलेल्या मुलीचं नेमणूकपत्र त्या वेळी माझ्याच टेबलावर पडलेलं होतं, अर्धं टाईप करून.

मी धुळ्याहून एसटीने दोंडाईचाला गेले, पोर कडेवर घेऊन. तिचा नंबर बदललेला होता, त्यामुळे विचारत विचारत जावं लागलं. मिरचीचा हंगाम होता. गल्लीत शिरल्यापासून नाकात झणझणत होतं आणि माझी मुलगी शिंकून शिंकून हैराण झाली. एका पत्र्याच्या शेडमध्ये दहा-बारा बायका तोंडाला पदर बांधून मिरच्यांचे देठ खुडत बसल्या होत्या. त्यांत ती होती. दुकानात असताना ती इस्त्रीची साडी आणि केसांत पिन अशी टापटीप असायची, म्हणून मी आधी तिला ओळखलंच नाही. तिने मला ओळखलं.

ती बाहेर आली. काही तरी बोलायचं म्हणून मी मुलीला तिच्या पुढे केलं. तिने हात मागे घेतले. "हात मिरचीना शेतस. पोरले लागी जाई," म्हणाली. तिच्या बोटांची साल निघालेली होती. घरी स्वतःच्या पोराला ती कशी घेत असेल हा विचार माझ्या मनात आला आणि मी घाईघाईने दुसरंच बोलायला लागले. सगळं सांगितलं. फोन, कागद, उखाणा, सुनावणी. तू साक्ष दिलीस तर माझं काम होईल, असंही म्हणून गेले. माझं काम!

तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. मग पदराने घाम पुसला आणि म्हणाली, "ताई, मी इचारं व्हतं तुले, काय लिखेल शे? तू सांगं, रजाना कागद शे, कर सही. तूच सांगं ना?"

"मला तेच वाटत होतं गं."

"आते तुनावर ऊनं, तवय मनी याद ऊनी."

खरंच होतं, माझ्यावर आलं तेव्हाच मला तिची आठवण आली होती. मी तिथे मिरचीच्या पोत्याला टेकून उभी राहिले, डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मिरचीमुळे आहे असं दाखवायची सोय होती, ती मी घेतली. मग ती म्हणाली, "मी येसू. पन जे व्हयनं ते बठ्ठं सांगसू. तुनं बी." मी म्हटलं, सांग सगळं, माझंही. मनात मात्र म्हटलं, एवढं कशाला सांगेल ती, मी तिला आणायला आले ना. माणूस किती कोडगा असतो बघा.

ती आली. पोराला आईकडे ठेवून, दोंडाईचाहून सकाळची गाडी पकडून, दुकानात असताना नेसायची तशी इस्त्रीची साडी नेसून. भाऊंनी तिलाही हात जोडले, तिने बघितलं नाही. तिने नीट, न घाबरता सांगितलं. नोकरी सोडायची नव्हती. सोडते असं कधी म्हटलं नव्हतं. कागद रजेचा आहे असं सांगून सही घेतली. परत आले तर जागा नाही म्हणून हाकललं.

"कुणी सांगितलं रजेचा आहे म्हणून?" अधिकारी बाईंनी विचारलं.

तिने माझ्याकडे बोट केलं. "या ताईंनी."

"आणि हाकललं कुणी?"

बोट तिथेच होतं. वकील खुशीत आले. पण अधिकारी बाईंनी त्यांना थांबवलं आणि मला विचारलं, तुम्हाला हे करायला कुणी सांगितलं होतं. मी सांगितलं, मालकांनी. मजकूर कुणाचा? मालकांचा. आधीचे तिन्ही असेच घेतले? असेच. मी एकेक करून सगळं सांगितलं, ज्या तिघींनी माझ्याविरुद्ध लिहून दिलं त्यांचंही. भाऊ पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "घरच्या माणसाने घरावर उलटायचं?" अधिकारी बाई म्हणाल्या, "हे घर नाही, आस्थापना आहे."

महिन्याभराने माझा आदेश आला. राजीनामा ग्राह्य नाही, सव्वीस आठवड्यांची रजा मंजूर, पूर्वीच्याच जागेवर, नोकरीत खंड न धरता. नवऱ्याने पेढे आणले. आईने धुळ्याहून फोनवर, मी तुला आधीच सांगत होते लढ म्हणून, असं बिनदिक्कत सांगितलं आणि मी तिला सांगू दिलं. मी तो आदेश दहा वेळा वाचला. या वेळी शब्द न् शब्द, स्वल्पविरामासकट.

मी कामावर हजर झाले. माझं टेबल होतं तिथेच होतं. भाऊ माझ्याशी बोलायचे नाहीत, त्या तिघी जिन्यात भेटल्या की कडेने जायच्या. मी म्हटलं चालेल, हेही जाईल. आणि एक दिवस दुकानाच्या टपालात कामगार कार्यालयाचं पाकीट आलं. टपाल फोडायचं काम माझंच, म्हणून मी फोडलं.

दोंडाईचाच्या त्या बाईने स्वतःची तक्रार दाखल केली होती. उशिरा दाखल होत असली तरी फसवणूक झाल्याचं आत्ता कळलं म्हणून स्वीकारावी, अशी विनंती होती, आणि ती स्वीकारली होती. मला आनंद झाला, खरंच झाला. मी भराभर खाली वाचत गेले. गैरअर्जदार क्रमांक एक, दुकानाचे मालक. गैरअर्जदार क्रमांक दोन. तिथे माझं नाव होतं. लग्नानंतरचं, पूर्ण, बरोबर लिहिलेलं.

मी खुर्चीत बसूनच होते, तरी मला बसायला जागा हवीशी वाटली. क्षणभर मनात आलं, मीच तिला तिथे नेलं आणि तिने माझ्यावरच! हा विचार पूर्ण व्हायच्या आत मला स्वतःची शिसारी आली, कारण हे अगदी भाऊंचं वाक्य होतं. नवरा म्हणाला, वकील देऊ, तुझा काय दोष, तू हुकमाची ताबेदार. आई म्हणाली, तिला जाऊन भेट, समजाव. मी वकील दिला नाही आणि भेटायलाही गेले नाही. आता मी तिला काय समजावणार होते?

सुनावणीला मी वेळेच्या आधी पोहोचले आणि सवयीने डावीकडच्या बाकावर जाऊन बसले. शिपाई म्हणाला, "मॅडम, ही जागा अर्जदारांची." ती दारातून आत येतच होती, पोराला घेऊन. मी उठले. समोर उजव्या बाकावर भाऊ एकटे बसलेले होते, वकील यायचे होते. बाक लहान होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फाइल उचलून मांडीवर घेतली, थोडे सरकले आणि जुन्या, घरच्या, मवाळ आवाजात म्हणाले, "बसा ताई."

दुसरी जागा नव्हती. मी त्यांच्या शेजारी बसले. अधिकारी बाईंनी अर्ज वाचून दाखवला आणि विचारलं, मजकूर मान्य आहे का. भाऊ नाही म्हणाले. मग बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"मान्य आहे," मी म्हटलं. ती तेव्हा पोराचं टोपडं बांधत होती, तिने मान वर केली नाही.